गैरहजर माणसाचा पासवर्ड

नीरा नदीच्या दक्षिण तीरावर, पुण्याहून साताऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर वसलेल्या शिरवळचे इतिहासातील महत्त्व प्रामुख्याने त्याच्या जागेमुळे आहे. आदिलशाहीच्या काळात येथे ठाणे होते. गावातील सुभानमंगळ हा भुईकोट १६४८ साली फत्तेखानाच्या स्वारीच्या वेळी विजापूरकरांच्या हाती गेला आणि मराठ्यांच्या बाजूच्या कावजी मल्हार यांच्या तुकडीने तो लढून परत घेतला, एवढ्यावरूनच या वाटेवर आपला अंमल असावा याला दोन्ही पक्ष किती किंमत देत होते ते कळते. पुढे पेशवाई संपल्यावर २५ सप्टेंबर १८१९ रोजी ईस्ट इंडिया कंपनी आणि छत्रपती प्रतापसिंह यांच्यात करार झाला, त्याने सातारा राज्याची उत्तर सीमा नीरा नदी ठरवली, आणि शिरवळ त्या राज्याच्या अगदी उंबरठ्यावर आले. पुणे आणि सातारा यांच्यामधली पत्रे, आज्ञा आणि हिशेबाचे कागद ज्या रस्त्याने जासुदांच्या आणि टपालवाल्यांच्या हातून येत-जात, त्या रस्त्यावरचे हे नदीकाठचे गाव आहे.

त्याच कराराची एक अट अशी होती की महाराजांनी कंपनीच्या प्रतिनिधीच्या मार्फतीशिवाय राज्याबाहेरच्या कोणाशीही पत्रव्यवहार करू नये. १८३९ साली ही अट मोडल्याचा, गोव्याच्या पोर्तुगीज सरकारशी संधान बांधल्याचा, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संबंध ठेवल्याचा आणि कंपनीच्या हिंदी शिपायांना फितवल्याचा ठपका ठेवून प्रतापसिंहांना गादीवरून दूर करण्यात आले व काशीला पाठवण्यात आले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तेथे झगडत राहिले. प्रतापसिंह मात्र १८४७ सालीच काशीला निवर्तले होते. या साऱ्या प्रकरणात कागद खरे की बनावट, त्यांवरच्या मोहरा महाराजांच्या संमतीने उमटल्या की परस्पर, हा वादाचा मोठा मुद्दा होता. मोहर ही गैरहजर माणसाची ओळख असते: लिहिणारा समोर नसतो, वाचणाऱ्याला केवळ ठसा दिसतो, आणि त्या ठशावर त्याला विश्वास ठेवावा लागतो. ज्याच्या हाती मोहर आली तो तेवढ्यापुरता धनी होतो आणि ज्याने ठसा नीट पाहिला तो तसाच दुसरा कोरू शकतो, हे मोहरेचे दोन दोष राज्यकर्त्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. संगणकाच्या काळात हाच प्रश्न दुसऱ्या रूपाने उभा राहिला आणि त्याचे समाधानकारक उत्तर सापडायला तीस वर्षांहून अधिक काळ गेला. त्या काळाचा हा इतिहास आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा टप्पा मुंबईतील जुहू येथे घडला.

पासवर्ड, म्हणजे संगणकाला आपली ओळख पटवण्यासाठी टंकायचा गुप्त शब्द, हा मुळात हजर माणसासाठी तयार झाला. १९६१ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो यांच्या नेतृत्वाखाली एकाच संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करता येईल अशी व्यवस्था उभी राहिली, आणि प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात म्हणून तीत पासवर्ड आला. १९६६ साली त्याच संगणकावर दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि काम सुरू करणाऱ्या प्रत्येकाच्या समोर त्या दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांच्या पासवर्डांची यादी उमटली. असे प्रसंग ध्यानात घेऊन युनिक्स या संगणकप्रणालीच्या कर्त्यांनी वेगळा मार्ग धरला. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात तो सविस्तर सांगितला आहे: संगणकाने पासवर्ड जसाच्या तसा साठवू नये, त्यावर उलट न फिरवता येणारी गणिती प्रक्रिया करून तिचे फळ तेवढे ठेवावे, आणि माणसाने पासवर्ड टंकला की तीच प्रक्रिया पुन्हा करून दोन फळे जुळतात का ते पाहावे. यामुळे दार राखणाऱ्याची बाजू पुष्कळच सुरक्षित झाली. दारावर येणाऱ्याची बाजू मात्र होती तशीच राहिली, कारण त्याला मूळ पासवर्डच सांगावा लागतो. येणारा माणूस असेल तर तो पासवर्ड त्याच्या स्मरणात राहतो, आणि येणारे यंत्र असेल तर तो कोठेतरी लिहून ठेवावा लागतो. पुढच्या सगळ्या अडचणींचे मूळ या विषमतेत आहे.

फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर पाठवण्याचे नियम, म्हणजे एफटीपी, १६ एप्रिल १९७१ रोजी प्रथम मांडले गेले आणि ते मांडणारे अभय भूषण हे कानपूर आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी होते. या नियमांना १९८५ साली जे प्रमाण रूप आले त्यात 'यूजर' आणि 'पास' असे दोन आदेश आहेत. पहिल्याने नाव कळवायचे, दुसऱ्याने पासवर्ड, आणि दोन्ही तारेवरून उघड्या अक्षरांत जातात. संशोधकांच्या लहानशा जगात तारेला कान लावून बसणारा कोणी असेल असे तेव्हा कोणाला वाटले नाही, आणि त्या काळाचा विचार करता त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल.

युनिक्सची खरी ताकद तिच्या 'शेल'मध्ये होती. शेल म्हणजे माणसाने टंकलेले आदेश वाचून ते पार पाडणारा कार्यक्रम. हेच आदेश एका फाइलीत ओळीने लिहून ठेवले की शेल ते माणसाशिवाय पार पाडतो, आणि अशा फाइलीला स्क्रिप्ट म्हणतात. ठरलेल्या वेळी स्क्रिप्ट सुरू करणारा 'क्रॉन' नावाचा कार्यक्रमही युनिक्समध्ये होता. दिवसभराचे हिशेब मध्यरात्रीनंतर दुसऱ्या गावच्या संगणकाकडे आपोआप जावेत ही अपेक्षा त्यातून साहजिकच निर्माण झाली, पण रात्री दोन वाजता समोरच्या संगणकाने पासवर्ड विचारला तर उत्तर देणारा माणूस घरी झोपलेला असतो.

या प्रश्नाला पहिले व्यवहारी उत्तर युयुसीपीने दिले. बेल प्रयोगशाळेतील माइक लेस्क यांनी १९७६ च्या सुमारास ही व्यवस्था लिहिली आणि १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर ती युनिक्स जेथे पोहोचली तेथे सर्वत्र गेली. तिच्यात एक संगणक मोडेमच्या साहाय्याने दुसऱ्याला टेलिफोन लावी, साध्या माणसाप्रमाणे लॉग-इन करी, साठलेल्या फाइली देई, तिकडच्या घेई आणि फोन ठेवी. या कामासाठी 'एल-डॉट-सिस' नावाच्या फाइलीत प्रत्येक शेजारी संगणकासाठी एक ओळ असे: त्याचे नाव, कोणत्या वेळी फोन करावा, तारेचा वेग, टेलिफोन क्रमांक, आणि शेवटी एक संवाद. संवादाचे स्वरूप जोडीचे होते. तिकडून 'ओगिन' असे ऐकू आले की हे नाव पाठव, 'सवर्ड' असे ऐकू आले की हा शब्द पाठव. शब्दांची आद्याक्षरे मुद्दाम गाळलेली असत, कारण काही संगणक 'लॉगिन' मोठ्या लिपीच्या अक्षराने सुरू करीत, काही लहान अक्षराने, आणि तारेवरच्या खरखरीत पहिले अक्षर कित्येकदा हरवूनही जाई. यंत्राने माणसाचे सोंग घेऊन दुसऱ्या यंत्राशी बोलावे ही कल्पना येथे पूर्ण रूपात दिसते, आणि नंतरच्या पुष्कळ साधनांनी तिच्यात फारशी भर घातलेली नाही.

पण त्या ओळीतला पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेला असे. म्हणून दोन बंदोबस्त केलेले होते, आणि त्यातला दुसरा अधिक दूरदृष्टीचा होता. पहिला असा की ती फाइल युयुसीपीखेरीज इतर कोणाला वाचता येऊ नये. दुसरा असा की त्या नावाने लॉग-इन करणाऱ्याला नेहमीचा शेल मिळतच नसे; फाइलींची देवघेव करणारा एकच कार्यक्रम सुरू होई, आणि तो कोणत्या फाइलींना हात लावू शकेल हेही आधी नेमून दिलेले असे. पासवर्ड चोरीला गेला तरी चोराला पूर्ण संगणक मिळत नसे. गुप्त शब्द लपवता येईल याची खात्री नसेल तर त्या शब्दाने उघडणारे दारच अरुंद करावे, हा विचार पुढे पुष्कळ वर्षे मागे पडला आणि नंतर परत आणावा लागला.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी थेट संबंध येतो तो येथे. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने अर्नेट हे शिक्षण आणि संशोधनाचे जाळे सुरू केले. त्यात बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, त्या वेळच्या पाच आयआयटी, दिल्लीतील इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि मुंबईची एनसीएसटी, म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, अशा आठ संस्था होत्या. जुहूमध्ये असलेल्या या केंद्राचे संचालक श्रीनिवासन रमाणी होते आणि बाहेरच्या जगाशी जोडणारे दार याच केंद्राकडे सोपवलेले होते. आरंभी अर्नेटवर ई-मेल एवढीच सेवा होती आणि ती युयुसीपीवर चाले. जुहूचे केंद्र आणि पवईची आयआयटी यांच्यातला व्यवहार साध्या टेलिफोनच्या तारेवरून सुरू झाला. १९८९ साली जुहूहून अमेरिकेतील व्हर्जिनियापर्यंत सेकंदाला ९,६०० बिट वेगाची भाड्याची तार मिळाली. या वेगाने एक मेगाबाइटची फाइल जायला पंधरा मिनिटांच्या आसपास लागतात; आज खिशातल्या फोनवर काढलेले एक छायाचित्र त्या तारेने पाठवायचे म्हटले तर तास सहज उलटेल.

या व्यवहाराचे महत्त्व वेगावरून मोजू नये. देशातल्या संशोधन संस्थांची पत्रे आणि फाइली माणसाने प्रत्येक वेळी हात न लावता, नेमलेल्या वेळी, यंत्राने यंत्राला ओळख पटवून परदेशी जाऊ लागल्या, आणि हे काम मुंबईतल्या एका सरकारी केंद्राने, टेलिफोनची जोडणी मिळवण्यासाठीच जेथे वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे त्या काळात करून दाखवले. युयुसीपीच्या रीतीप्रमाणे प्रत्येक जोडणीमागे वर सांगितलेल्या प्रकारची एक ओळ लिहावी लागे, संवाद जुळत नसेल तर तो पुन्हा पुन्हा तपासावा लागे, आणि खरखरीत तारेवर फोन मधेच तुटला तर यंत्राने किती वेळाने पुन्हा प्रयत्न करावा हे ठरवावे लागे. संगणकाचा इतिहास लिहिताना महासंगणकांना जेवढी जागा दिली जाते तेवढी या कामाला दिली जात नाही. ती मिळायला हवी. एनसीएसटी पुढे सीडॅकमध्ये विलीन झाली आणि रमाणी यांचा २०१४ साली इंटरनेटच्या जागतिक सन्मानसूचीत समावेश झाला.

दरम्यान अमेरिकेत बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सने दोन सोयी आणल्या होत्या. पहिली 'नेटआरसी' नावाची फाइल: तीत दूरच्या संगणकाचे नाव, आपले नाव आणि पासवर्ड लिहून ठेवला की एफटीपी तो स्वतः उचले आणि स्क्रिप्ट अडत नसे. ती फाइल इतरांना वाचण्यासारखी उघडी दिसली तर एफटीपी तिच्यातला पासवर्ड वापरायला नकार देई, ही त्या कर्त्यांची चांगली दक्षता होती. तारेवरून मात्र तो शब्द उघडाच जाई. दुसरी सोय विश्वासाची: 'आरहोस्ट्स' या फाइलीत ज्या संगणकाचे नाव असेल त्याच्याकडून येणाऱ्याला पासवर्ड विचारायचाच नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला एक कार्यक्रम याच विश्वासाच्या साखळीचा आणि सहज ओळखता येणाऱ्या पासवर्डांचा फायदा घेत हजारो संगणकांवर पसरला. हा विद्यार्थी पासवर्ड सुरक्षित कसे ठेवावेत यावर १९७९ साली निबंध लिहिणाऱ्या रॉबर्ट मॉरिस यांचा मुलगा होता.

तरीही ज्या कार्यक्रमांना नेटआरसीसारखी सोय नव्हती त्यांचे काय, हा प्रश्न उरला. स्क्रिप्ट लिहायला बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाला प्रथम असे वाटते की पासवर्ड एका आदेशाने उच्चारावा आणि त्याचे उत्तर नळीने दुसऱ्या आदेशात सोडावे, कारण शेलमध्ये बाकीची सारी कामे अशीच होतात. पासवर्डाच्या बाबतीत हा प्रयत्न फसतो, आणि तो फसावा अशीच योजना आहे. पासवर्ड विचारणारा कार्यक्रम नेहमीच्या आदान-मार्गावरून येणारी अक्षरे वाचत नाही. तो थेट टर्मिनल, म्हणजे माणसाचा कळफलक आणि पडदा, उघडतो, टंकलेली अक्षरे पडद्यावर दिसू देत नाही आणि समोर माणूस आहे असे गृहीत धरतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील डॉन लिब्स यांनी १९९० साली लोकांपुढे मांडलेल्या 'एक्स्पेक्ट' या साधनाने या गृहीतकालाच बगल दिली. एक्स्पेक्ट एक आभासी टर्मिनल तयार करते, दुसरा कार्यक्रम त्याच्या आत सुरू करते, आणि मग 'हे ऐकू येईपर्यंत थांब, मग हे पाठव' अशा जोड्यांनी त्याच्याशी बोलते. युयुसीपीच्या संवादाचेच हे विस्तारलेले रूप आहे. जगभरच्या संगणक-व्यवस्थापकांची हजारो कंटाळवाणी कामे त्याने सोपी केली आणि ते यश खरे आहे. पण पासवर्ड पुन्हा एकदा स्क्रिप्टच्या पोटात साध्या अक्षरांत जाऊन बसला.

१९९४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील सर्ट या संगणक-सुरक्षा केंद्राने इशारा दिला की जाळ्यावर चोरून कान लावणारे कार्यक्रम बसवून हजारो पासवर्ड गोळा केले जात आहेत. पुढच्या वर्षी फिनलंडमधील हेलसिंकी तंत्र विद्यापीठाचे जाळे अशाच चोरीला बळी पडले आणि तेथील तातू यिलोनेन यांनी त्यावर एसएसएच लिहून जुलै १९९५ मध्ये सर्वांना वाटले. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले, ते यानंतर अवघ्या महिन्याभराने. एसएसएचने दोन संगणकांमधला सगळा संवाद सांकेतिक केला, म्हणजे तारेला कान लावणाऱ्याला काही कळेनासे झाले. त्याहून मोठी गोष्ट अशी की त्याने पासवर्डाला पर्याय दिला.

हा पर्याय म्हणजे किल्ल्यांची जोडी. एक खाजगी किल्ली, जी पाठवणाऱ्याच्या संगणकाबाहेर कधीही जात नाही, आणि एक सार्वजनिक किल्ली, जी दार राखणाऱ्याला देऊन ठेवायची असते. प्रत्येक भेटीसाठी नव्याने तयार झालेल्या मजकुरावर खाजगी किल्लीने सही केली जाते आणि सार्वजनिक किल्लीने ती सही पडताळता येते. पण सार्वजनिक किल्लीवरून खाजगी किल्ली काढता येत नाही, आणि एका भेटीची सही दुसऱ्या भेटीत चालत नाही. साताऱ्याच्या प्रकरणात मोहरेच्या ज्या दोषावरून एवढा वाद झाला, म्हणजे ठसा पाहणाऱ्याला ठसा बनवता येणे, तो येथे दूर झाला. दुसरा दोष, म्हणजे मोहर ज्याच्या हाती तो धनी, हा मात्र गेला नाही: रात्री माणसाशिवाय चालणाऱ्या स्क्रिप्टसाठी खाजगी किल्लीला वेगळा पासवर्ड लावून चालत नाही, आणि तशी उघडी किल्ली असलेली फाइल चोरीला गेली तर चोर आत येतो. म्हणून युयुसीपीचा जुना विचार परत आणला गेला. १९९९ च्या डिसेंबरात ओपनबीएसडी या प्रणालीबरोबर ओपनएसएसएच हे मुक्त रूप आले. त्यात दार राखणाऱ्याकडील यादीत प्रत्येक सार्वजनिक किल्लीपुढे तिच्या मर्यादा लिहिता येतात: या किल्लीने एवढा एकच आदेश चालेल, या एकाच पत्त्यावरून आलेली चालेल, शेल मिळणार नाही. फाइलींच्या देवघेवीसाठी एसएफटीपी ही सोय त्याच सांकेतिक वाटेवर बसवलेली आहे आणि येणाऱ्याला एकाच फोल्डरमध्ये कोंडून ठेवण्याची व्यवस्थाही नंतर तिच्यात आली.

इतके झाल्यावर पासवर्ड लिहिलेल्या स्क्रिप्ट संपायला हव्या होत्या. तसे झाले नाही. एसएसएचही टर्मिनल उघडूनच पासवर्ड विचारते, म्हणून त्याला फसवण्यासाठी 'एसएसएचपास' नावाचे छोटे साधन निघाले आणि एक्स्पेक्टप्रमाणेच आभासी टर्मिनलच्या युक्तीने काम करू लागले. पासवर्ड आदेशाच्या ओळीतच लिहिणे हा त्याचा सर्वांत सोपा आणि सर्वांत धोक्याचा वापर आहे, कारण त्याच संगणकावरचा दुसरा कोणीही चालू कार्यक्रमांची यादी मागवून ती ओळ वाचू शकतो. हा इशारा त्या साधनाच्या माहितीपत्रातच दिलेला आहे. दूरच्या संगणकाची ओळख पटवण्यासाठी एसएसएच जो प्रश्न विचारते तो स्क्रिप्ट अडू नये म्हणून बंद करून टाकण्याची सवय याहून वाईट आहे. त्यामुळे पासवर्ड सांकेतिक होऊन जातो खरा, पण तो भलत्याच संगणकाच्या हाती पडू शकतो. समोरच्या संस्थेचा संगणक जुना असतो, तिकडचा अधिकारी किल्ली स्वीकारायला तयार नसतो, काम आजच व्हायचे असते, ही कारणे खोटी नसतात. तात्पुरती म्हणून लिहिलेली ओळ मग लिहिणारा नोकरी सोडून गेल्यावरही चालत राहते.

शिरवळ आणि खंडाळा यांच्या परिसरात महामार्गालगत आता औद्योगिक वसाहत आहे. पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल राज्याबाहेर पाठवायचा तर २०१८ पासून ई-वे बिल लागते, आणि मोठ्या उद्योगांत ते कारखान्याचा संगणक सरकारच्या संगणकाशी परस्पर बोलून मिळवतो. पगाराची यादी बँकेकडे, मालाची मागणी पुरवठादाराकडे आणि हिशेब मुख्य कार्यालयाकडे अशाच रीतीने जाणे आज उद्योगांत सर्वसाधारण झाले आहे. ज्यांच्या कार्यालयात मध्यरात्रीनंतर अशी एखादी स्क्रिप्ट चालते त्यांनी ती एकदा उघडून वाचावी. तीत पासवर्ड आढळला तर तो पुसून थांबू नये, कारण स्क्रिप्टच्या जुन्या प्रतींत तो राहिलेलाच असतो. तो बदलावा, त्या कामासाठी स्वतंत्र किल्ली तयार करावी, तिच्यापुढे तिच्या मर्यादा लिहाव्यात, दूरच्या संगणकाची ओळख तपासणारा प्रश्न पुन्हा चालू करावा, आणि ती किल्ली कोणाच्या जबाबदारीवर दिली आहे याची नोंद कार्यालयाच्या दप्तरात ठेवावी.